काहीच न घडणारा सिनेमा

जहाजावरून,
३ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट हातात पडल्यावर तू आधी ते उलटंपालटं करून बघशील आणि म्हणशील, या ठोंब्याला साधा फोन करायला काय धाड भरली? फोन धडधाकट आहे, पण इथं रेंज नाही. किनारा डोळ्यांना दिसतो, संध्याकाळी तिथल्या मोटारींचे दिवेही दिसतात, फोनला मात्र त्यातलं काही दिसत नाही. पाण्याची बोट पंधरवड्यातून कधीतरी येते. तिचा नावाडी भला माणूस आहे, तो पत्रं नेईन-आणीन म्हणाला.

हा परिच्छेद आईला वाचून दाखवताना गाळ. तिला सांग, जहाज दुरुस्तीसाठी थांबलंय. खरी गोष्ट अशी की आमचा मालक गायब झाला. ऑफिसला कुलूप लागलं आणि कोर्टाने जहाज जप्त केलं. कप्तान छातीत दुखतंय म्हणून उतरले ते उतरलेच. बाकीचे एकेक करून घरी गेले. मग बंदराचे साहेब कागद घेऊन आले की, जहाजावर एक तरी जबाबदार माणूस पाहिजे, सही करा. तेव्हा सही करण्याजोगा मीच उरलो होतो. मला वाटलं, चार दिवसांचं काम. आता कळतंय की जहाज विकलं जाईपर्यंत सही करणाऱ्याने जहाज सोडायचं नाही. सोडलं तर पोलीस. सोबतीला आमचे म्हातारे स्वयंपाकी आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. त्यांना जाता येत होतं. ते म्हणाले, तुला अंडं उकडता येत नाही, तू उपाशी मरशील. म्हणून राहिले.

आता मुख्य तक्रार. निघताना मी आपल्या त्या जपानी स्टुडिओचे सिनेमे बरोबर घेत होतो, तेव्हा आई काय म्हणाली आठवतंय? चांगले घरात राहू देत, समुद्राची हवा लागून खराब होतील, तुला नावडते ते ने. आणि मीही शहाण्यासारखा नावडते चार घेऊन निघालो! जगात लोक त्या स्टुडिओसाठी जीव टाकतात, आणि मी इथं त्यांच्या तळाच्या चारांबरोबर कोंडला गेलोय. आपण दहावीच्या सुट्टीत भिंतीवर खडूने क्रम लावला होता, त्यातले शेवटचे चार. एक, किटलीचा: बोलणारी किटली आणि दर पाच मिनिटांनी गाणं. दोन, वारेवालीचा दुसरा भाग, ज्यात आपल्या लाडक्या पोरीचा चेहराच दुसऱ्या कुणीतरी काढलाय. तीन, तुझा सगळ्यात नावडता, दिव्याचा, ज्यात काहीच घडत नाही. चौथ्याचं फक्त कव्हर निघालं. आत आईची गुडघ्याच्या व्यायामाची डीव्हीडी आहे.

जनरेटर संध्याकाळी थोडा वेळ लावतो. लॅपटॉपची बॅटरी मेलेली आहे, म्हणून तेवढ्या वेळातच बघायचं. तर हात जोडून विनंती, कपाटातला एखादा चांगला सिनेमा पाठव. नंबर एकचा पाठवलास तर पुढच्या जन्मी तुझा धाकटा भाऊ होऊन पुन्हा त्रास देईन.

कळावे. लोभ आहे तेवढा पुरे, सिनेमा तेवढा पाठव.

तुझा,
ठोंब्या

*

घरून,
२० सप्टेंबर

चि. ठोंब्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र आईला वाचून दाखवलं. तो परिच्छेद गाळला. गाळताना मला खोकला आला, तर आई म्हणाली, पाणी पी, आणि पुढे काहीच विचारलं नाही. जहाज दुरुस्तीला आहे यावर तिचा विश्वास बसलाय. म्हणजे तसं ती दाखवते तरी.

रात्री मात्र मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून जहाज कंपन्यांच्या सरकारी कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, जहाज विकलं की सुटतील. मी विचारलं, कधी विकलं जाईल? तर म्हणाल्या, विकलं जाईल तेव्हा. त्यांच्या चष्म्याचा नंबरही चुकीचा होता, डावा डोळा बारीक करून बघत होत्या. आमच्या चष्म्याच्या काचांच्या कारखान्यात आल्या असत्या तर निदान काच तरी नीट घासून दिली असती.

तुझ्या सिनेमांचं सांगते. आईकडे किल्ली मागितली. तुला माहीत आहे ते कपाट. वरच्या खणात पाहुण्यांचे कप, जे पाहुण्यांनीही कधी पाहिले नाहीत. मधल्या खणात नवी चादर. खालच्या खणात तुझे सिनेमे, जुन्या ओढणीत गुंडाळलेले. आई म्हणाली, बोटीत ओलावा असतो. तो आला की बघेल घरी बसून. मी म्हटलं, अगं, तो तिथं रोज किटलीची गाणी ऐकतोय. तर म्हणाली, मग आल्यावर हे किती गोड लागतील बघ.

या घरात आता सगळंच ‘तो आला की’ या खुंटीला टांगलेलं आहे. नवा पंखा खोक्यातून काढायचा, तो आला की. न्हाणीघराचा नळ बदलायचा, तो आला की. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशनसुद्धा तू आल्यावर. रोज अंगावर चहा सांडते तरी ऐकत नाही. तू गेल्यापासून गॅलरीतला दिवा रात्रभर चालू ठेवते, तुला घर सापडावं म्हणून! मी म्हटलं, अगं, तो याच घरात जन्मला. समोरचे गृहस्थ तक्रार घेऊन आले की उजेड थेट त्यांच्या उशीवर पडतो. आईने त्यांना पडदा लावायचा सल्ला दिला.

माझं नेहमीचंच चालू आहे. तळघरातली खोली, काच घासायच्या चाकाची घरघर आणि नखांत बसलेली पांढरी पूड. मध्ये एक गंमत झाली. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या डोळ्यांच्या इस्पितळाने मला बोलावलंय. तिथं सगळा काचांचा विभाग माझ्या हाताखाली, राहायला खोली, आणि खोलीला खिडकी. नोव्हेंबर संपायच्या आत कळवा म्हणाले. अर्थात नाहीच म्हणणार आहे. सध्या कसं जमणार? आईला यातलं काही सांगितलेलं नाही, तूही बोलू नकोस.

आणि दिव्याच्या सिनेमाला नाव ठेवायचा हक्क फक्त माझा आहे. तू मन लावून बघ. एक मुलगी दिव्याच्या काचा पुसते, जिना चढते, जिना उतरते. त्या स्टुडिओच्या प्रत्येक सिनेमात कुणीतरी उडतं, यात कुणी साधी उडीसुद्धा मारत नाही.

मामांना नमस्कार सांग. जेवत जा. आमचा लोभ तुझ्यावर आहेच, पण तो पोटात जात नाही.

तुझी,
ताई

*

जहाजावरून,
६ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेले मोजे, बिस्किटं आणि गोळ्या मिळाल्या. सिनेमा मिळाला नाही, यात तुझी चूक नाही. आईच्या कपाटापुढे कोर्टाची जप्ती म्हणजे पोरखेळ आहे.

इथं दिवस जातात म्हणजे नुसते लांबत जातात. डेक दुपारी इतका तापतो की बूट चिकटतात. गंज रोज थोडा पुढे सरकतो. मी एका कोपऱ्यात खरवडून रंग लावतो, तोवर दुसरा कोपरा सुटतो. जहाज नांगराभोवती गोल फिरत राहतं. सकाळी केबिनच्या खिडकीतून शहर दिसतं, दुपारी उघडं पाणी, संध्याकाळी पुन्हा शहर. पहिल्यांदा मजा वाटली. आता शहर खिडकीत आलं की मी पडदा ओढतो. परवा मी विनाकारण मामांवर ओरडलो, मीठ जास्त झालं म्हणून. मग पाहिलं तर त्यांनी स्वतःच्या ताटात भाजी घेतलीच नव्हती. जी होती ती सगळी मला वाढली होती. ताई, मला भीती वाटते. विकलंच गेलं नाही तर? बंदराच्या दुसऱ्या टोकाला एक जहाज आहे, ते कित्येक वर्षं तसंच उभं आहे म्हणतात. हेही गाळ.

सिनेमांविषयी मात्र माझं मत बदलत चाललंय, हसू नकोस. किटलीचा सिनेमा मामांना प्रचंड आवडला. त्यांच्या मते ती किटली बरोबर बोलते, स्वयंपाकघरातल्या वस्तूंना माणसांपेक्षा जास्त कळतं. आता ते पातेल्याशी त्याच चालीत बोलतात. वारेवालीच्या दुसऱ्या भागाचंही तसंच. बहिणीच्या जागी तिचे कपडे घालून शेजारीण येऊन बसावी तसं वाटायचं ना आपल्याला? सारखं बघून बघून आता मला त्या शेजारणीची सवय झाली. तीही बिचारी काय करणार, दुसरीच्या जागी उभं राहायला कुणाला आवडतं? आईच्या व्यायामाच्या डीव्हीडीवर तर मामा रोज सकाळी गुडघे वाकवतात. त्यातल्या बाईंना ते मॅडम म्हणतात.

दिव्याचा सिनेमा मात्र चालत नाही. ती तेलाचा डबा घेऊन जिना चढते, एक पाय वरच्या पायरीवर ठेवायला उचलते आणि थांबते. तशीच, पाय हवेत. डीव्हीडीवर चरा आहे. आणि मग मला आठवलं, घरीसुद्धा ती इथंच थांबायची! आपण म्हणायचो, शी, काय रटाळ आहे, आणि बंद करायचो. ताई, ज्या सिनेमाला आपण इतकी वर्षं नावं ठेवली, तो आपण अर्धाच पाहिलाय.

आता तुझ्या इस्पितळाचं. ‘एक गंमत झाली’ असं तू लिहितेस? जन्मभर त्या तळघरात पूड खाल्लीस, आता कुणीतरी खिडकी देतंय आणि तू नाही म्हणतेस? माझ्या नावावर ते खपवू नकोस. तू तिथं थांबल्याने माझा नांगर बोटभरही वर येत नाही.

कळावे, राग नसावा. असला तर पत्रातून पाठव, इथं टपालाची वाट बघण्याखेरीज काही काम नाही.

तुझा,
ठोंब्या

*

घरून,
२२ ऑक्टोबर

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद. आज उत्तम वगैरे नाही, नुसतेच.

राग पाठव म्हणालास, म्हणून पाठवते आहे. समुद्रात बसून शहाणपण शिकवणं सोपं आहे. तू म्हणतोस, मी थांबल्याने नांगर वर येत नाही. मान्य. पण मी गेल्याने येतो का? तू त्या लोखंडाच्या डब्यात गोल गोल फिरणार, आणि मी नव्या खोलीच्या खिडकीशी बसून चहा पिणार? तो घशाखाली उतरेल का माझ्या? इथं मी निदान तुझं पत्र आल्यादिवशी दारात असते. कचेरीत दर आठवड्याला जाते. त्या बाई मला आता नावाने ओळखतात आणि मी दिसले की चष्मा पुसायला घेतात.

आणि आईचं काय? ती स्वतःच्या डोळ्यांनी दूधवाल्याचा चेहरा ओळखत नाही. आवाज ऐकून पैसे देते. रात्री उठून गॅलरीतला दिवा चालू आहे ना हे बघायला जाते, वाटेत खुर्चीला आपटते. गेल्या आठवड्यात दिवा गेला, तर रात्री मला उठवून नवा लावायला लावला. मी स्टुलावर चढले होते, ती खाली स्टूल धरून उभी होती, आणि मला एकदम तुझी ती पाय हवेत थांबलेली मुलगी आठवली. मला हसू आलं. आईने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. मग मला रडू आलं, पण तेवढं तिला दिसत नाही.

खरं सांगू? मला जायचंय. त्या इस्पितळाचं पत्र मी इतक्यांदा वाचलंय की घडीवर फाटत आलंय. कारखान्यात मालक म्हणतात, तुझा हात सोन्याचा आहे, आणि मला वाटतं, मग तो तळघरात का पुरून ठेवलाय? पण या घराचं दार मला आतून उघडत नाही. तुझ्याकडे कोर्टाचा कागद आहे, त्यावर बोट ठेवता येतं. मी कशावर बोट ठेवू?

नाही म्हणायचं पत्र लिहून पर्समध्ये ठेवलं आहे. अजून टाकलेलं नाही, पण टाकीन. तेव्हा हा विषय पुन्हा काढू नकोस. तू सुटून ये, मग बघू.

हे पत्र आईला वाचून दाखवायचं नाही, त्यामुळे खोकायची गरज नाही. सोबत लोकरीची टोपी आणि मामांसाठी गुडघ्याला लावायचं तेल आहे. लोभ कमी झालेला नाही, फक्त आज तो जरा तापलेला आहे.

तुझी,
ताई

*

जहाजावरून,
८ नोव्हेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुझ्या नावे आहे, त्यामुळे ताईला ते तुला पूर्ण वाचून दाखवावं लागेल. ताई, गाळू नकोस. गाळलंस तर आईला कळेल, तू गाळताना खोकतेस. आई, ती खोकली की म्हण, मागचं पुन्हा वाच.

आधी खरं सांगतो. जहाज दुरुस्तीला थांबलेलं नाही, जप्त झालंय. ते विकलं जाईपर्यंत मला उतरता येणार नाही. तब्येत बरी आहे, मामा मला लेकरासारखे सांभाळतात. पण कधी येईन ते मला माहीत नाही, आणि कुणालाच माहीत नाही. तुझ्याशी खोटं बोललो, कारण तू काळजी करशील असं वाटलं. आता कळतंय, काळजी तू तशीही करतच होतीस.

आता तुला एका सिनेमाची गोष्ट सांगतो. तू आम्हाला ओरडायचीस ना, काय ती चित्रं बघत बसता? त्यातला आमचा सगळ्यात नावडता. एका लहानशा बेटावर दिवा आहे, होड्यांना वाट दाखवणारा. दिवा लावणारा बाप पलीकडच्या गावात गेलाय, तो परत आलेला नाही. त्याची मुलगी रोज काच पुसते, तेल भरते, दिवा लावते. सकाळी दूधवाला होडी घेऊन येतो, म्हणतो, चल गावात, शाळा आहे, माणसं आहेत. ती म्हणते, बाबा आले की. रोज तेच. आमच्या डीव्हीडीला मधोमध चरा होता, त्यापुढे आम्ही कधी गेलोच नाही. मामांनी परवा दात घासायची पेस्ट लावून मऊ फडक्याने ती डीव्हीडी घासली, आतून बाहेर, आतून बाहेर, अगदी ताई काच घासते तशी चिकाटीने. आणि त्या मुलीचा हवेतला पाय पायरीवर टेकला! आम्ही दोघं टाळ्या वाजवत ओरडलो. वर डेकवर पक्षी बसले होते ते उडाले.

पुढचं ऐक. एका रात्री त्या मुलीला ताप भरतो. तिला उठता येत नाही, दिवा लागत नाही. सगळीकडे अंधार. मी आणि मामा श्वास रोखून बसलो होतो. वाटलं, आता होडी फुटणार, माणसं बुडणार, पोरगी जन्मभर रडणार. सकाळ होते. ती धडपडत वर जाते आणि खाली बघते. सगळ्या होड्या गावाच्या धक्क्याला बांधलेल्या असतात. एकही कमी नाही. दूधवाला शीळ घालत येतो, काल दिवा नव्हता हे त्याच्या गावीही नसतं. ती पायरीवर बसून हसते, मग रडते, मग तोंड धुते आणि त्याच्या होडीत जाऊन बसते.

आम्ही इतकी वर्षं म्हणत होतो, या सिनेमात काहीच घडत नाही. आई, शेवटी तेच घडतं. दिवा लागत नाही, आणि काहीच घडत नाही.

होडी निघते, मागे दिवा लहान होत जातो. ती मान वळवते असं वाटलं, आणि नेमका तेव्हाच जनरेटर बंद पडला. डिझेल संपत आलंय. आता तो फक्त पाण्याच्या पंपापुरता लावायचा असं ठरलंय, त्यामुळे सिनेमे बंद. तिने मागे वळून पाहिलं की नाही, ते मला कळलं नाही.

शेवटचं. ताईला दुसऱ्या शहरात इस्पितळात मोठी जागा मिळतेय. नोव्हेंबर संपायच्या आत हो म्हणायचंय. तिने तुला सांगितलेलं नाही. नाही म्हणायचं पत्र तिच्या पर्समध्ये आहे. ताई, खोकू नकोस. शिव्या नंतर दे. एका घरातला एक माणूस अडकला एवढं पुरे आहे, बाकीच्यांनी त्याला सोबत म्हणून अडकायची गरज नाही. मला सोबतीला मामा आहेत.

आई, मला वाईट वाटेल म्हणून कुणाला अडवू नकोस. तुम्ही दोघी माझ्यासाठी थांबून राहिलात याचंच मला इथं सगळ्यात ओझं होतं.

कळावे. तुझा आशीर्वाद इथवर पोचतो, त्याला रेंज लागत नाही.

तुझा,
ठोंब्या

*

घरून,
१२ डिसेंबर

चि. ठोंब्यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

अक्षर मोठं आलंय, कारण एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालंय. दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात. शेजारची नर्स येऊन थेंब घालते, मी स्वतः घातले की ते डोळ्यात पडत नाहीत, गालावर पडतात. पण हे पत्र कुणी लिहून दिलेलं नाही. हळूहळू लिहिते आहे, तूही हळूहळू वाच.

तुझं पत्र ताईने वाचलं. जप्तीपाशी खोकली. मी म्हटलं, मागचं पुन्हा वाच. तिने वाचलं. मग इस्पितळापाशी आली आणि न खोकता वाचत गेली. मी पर्स मागितली. तिने दिली. ते नाही म्हणायचं पत्र मी फाडलं नाही. तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, तुझं आहे, तू काय करायचं ते कर, पण माझं नाव त्यात घालू नकोस. मी काही काचेची नाही की एकटी ठेवली तर फुटेन. तिने रात्रभर विचार केला. सकाळी चहाच्या चुलीत ते पत्र घातलं, चहा चांगला झाला.

तुझ्यावर रागावले होते. जप्तीचं लपवलंस म्हणून. तुम्हाला दोघांना वाटतं की आईला फक्त डोळ्यांनी दिसत नव्हतं. मला दुसरं बरंच काही दिसत नव्हतं, ते मला पत्र ऐकताना कळलं. मला वाटायचं, मी सगळं तुझ्यासाठी जपून ठेवते आहे. त्यात ताईलाही कपाटात ठेवलं होतं, हे ध्यानातच आलं नाही.

मग कपाट उघडलं. पाहुण्यांचे कप काढले. पहिल्याच आठवड्यात दोन फुटले, एक माझ्याकडून, एक ताईकडून. फुटताना आवाज झाला, बाकी काही झालं नाही. पंखा लावला. नवी चादर घातली, तिचा रंग इतकी वर्षं घडीत राहून पट्ट्यापट्ट्यांनी उडाला आहे. मी कशासाठी जपली होती देव जाणे.

तुझे सिनेमेही पाहिले. ताई जायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघींनी नंबर एकचा पाहिला, एकाच डोळ्याने का होईना. बरा आहे. पण उडतात फार. सारखं काय उडायचं? तू सांगितलास तो दिव्याचा मला जास्त आवडला, न पाहता. तो सांभाळून आण. बाकीचे सगळे चांगले या पाकिटात घातले आहेत. खराब झाले तर होऊ देत. डिझेल नाही हे माहीत आहे, पण कधीतरी येईल, तेव्हा मामांना आधी नंबर एकचा दाखव. माझी गुडघ्याची डीव्हीडी त्यांच्याकडेच राहू दे. मी ती दोन वर्षं शोधत होते, पण मॅडमची सवय त्यांना जास्त झालेली दिसते.

ताई गेली. कालच तिचं पत्र आलं. खोलीला खिडकी आहे, समोर भिंत आहे, पण भिंतीवर ऊन येतं म्हणाली. जाण्याआधी त्या कचेरीतल्या बाईंना चष्मा करून देऊन गेली आणि त्यांना बजावून गेली की, आता नीट दिसेल, तर माझ्या भावाचा कागद वरती ठेवा. आता दर आठवड्याला त्यांच्याकडे मी जाते. माझ्याकडे वेळ भरपूर आहे आणि बोलायला तोंड आहे.

तू विचारलं होतंस, त्या मुलीने मागे वळून पाहिलं का? मी बस थांब्यावर उभी होते. ताईने खिडकीतून मान बाहेर काढून पाहिलं, वळणापर्यंत बघत होती. बस थांबली नाही. तेव्हा त्या पोरीनेही पाहिलं असेल. पाहिल्याने काही होडी परत फिरत नाही.

त्या रात्री घरात मी एकटीच होते. गॅलरीत गेले आणि दिवा बंद केला. एकदा पुन्हा लावला, मग बंद केला, खोटं कशाला सांगू. अंधारात पडून राहिले. वाटलं, आत्ता काहीतरी होईल. सकाळी उठून पाहिलं तर सगळं जागच्या जागी होतं. समोरचे गृहस्थ बऱ्याच दिवसांनी हसले. तू तेवढा नव्हतास. पण बाळा, दिवा चालू होता तेव्हाही तू नव्हतास.

तू येशील तेव्हा रात्र असली तर जिन्यात जपून ये. तिसरी पायरी अजून हलते. दार लोटलेलंच असतं, आणि मी आता झोपलेली असते, तर हाक मारून उठव.

कळावे. लोभ कपाटात ठेवलेला नाही, रोजच्या वापरात आहे.

तुझी,
आई